चाल मोडण्याचा क्षण

२०२१ सालच्या डिसेंबर महिन्यातील एकाच आठवड्यात शर्यतीशी निगडित तीन गोष्टी जुळून आल्या, आणि वरवर पाहता त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नसला तरी शर्यत पाहणाऱ्या माणसाचा विचार करायचा झाल्यास त्या तिन्ही एकत्र ठेवून पाहाव्या लागतात. १२ डिसेंबरच्या रविवारी अबू धाबी येथील यास मरिना मार्गावर फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींच्या जागतिक मालिकेतील हंगामाची अखेरची शर्यत झाली आणि जगज्जेतेपदाचा निर्णय तिच्या शेवटच्या फेरीत लागला. १६ डिसेंबरच्या गुरुवारी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात सात वर्षांहून अधिक काळ कायद्याने बंद असलेल्या बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली, आणि त्याच दिवशी अबू धाबीच्या निकालाविरुद्ध अपील न करण्याचे हरलेल्या चालकाच्या मर्सिडीज संघाने जाहीर केले. १८ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजेच दत्तजयंती होती, आणि नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील तापीकाठच्या सारंगखेडे या गावी भरणारी एकमुखी दत्ताची यात्रा व तिच्यासोबतचा घोड्यांचा बाजार याच तिथीशी बांधलेला आहे.

शर्यतीनंतर उसळणारा प्रेक्षकांचा आनंद किंवा संताप हा बहुधा पक्षपाताचा प्रकार मानला जातो. ज्याचा खेळाडू जिंकला तो नाचतो, ज्याचा हरला तो भांडतो आणि चार दिवसांनी दोघेही आपापल्या कामाला लागतात, एवढ्यावर हा विषय सोडून देण्याची रीत आहे. ही समजूत अपुरी आहे, कारण अटीतटीच्या लढतीत हरलेल्या बाजूचा चाहता पराभव पचवतो याचे दाखले खेळाच्या इतिहासात भरपूर सापडतात, आणि वर्षानुवर्षे न पचलेले निकाल वेगळे काढून पाहिले तर त्यांतील बहुतेकांत पराभवापेक्षा निर्णयाची रीतच सलत राहिलेली दिसते. शर्यतीला आलेला माणूस स्वतःला साक्षीदार समजतो. घडले ते त्याच्या डोळ्यांदेखत घडले पाहिजे आणि निकाल त्याच डोळ्यांनी पडताळता आला पाहिजे, ही त्याची अपेक्षा असते, जरी ती तो शब्दांत मांडत नसला तरी.

ही अपेक्षा कोठून येते हे समजण्यासाठी सारंगखेड्याचा बाजार उपयोगी पडतो. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग नंदुरबारच्या परिसरातून जात असे, आणि तापीच्या खोऱ्यातील या पट्ट्याला घोड्याची पारख पिढ्यान्‌पिढ्या का आहे याचे निदान एक कारण त्या मार्गात शोधता येते. हा बाजार काही शतकांपासून भरत आला असल्याचे मानले जाते. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळत असते अशा थंडीच्या दिवसांत येथे मारवाडी, काठियावाडी आणि पंजाबकडील घोडे, तसेच नुकरा म्हणून ओळखले जाणारे पांढरेशुभ्र घोडे येतात. गिऱ्हाईक प्रथम घोड्याचे तोंड उघडून दातांवरून वय ठरवते, मग अंगावरचे भोवरे, म्हणजे केस गोल फिरून जेथे मिळतात त्या खुणा, एकेक करून तपासते. देवमण हा भोवरा शुभ समजला जातो, आणि चारही पाय व तोंडावरचा पट्टा पांढरा असलेल्या पंचकल्याण घोड्याला मान असतो. तथापि उभ्या घोड्याची पारख ही अर्धीच पारख असते. घोडा चालवून पाहिल्याखेरीज सौदा पुढे सरकत नाही, आणि चालवून पाहताना जाणकारांचे लक्ष वेगाइतकेच चालीवर असते.

मारवाडी व काठियावाडी घोड्यांत रेवाल नावाची एक चाल आढळते. या चालीत घोडा दौडत नाही. एका बाजूचे पुढचे आणि मागचे पाय जवळजवळ जोडीने पडत जातात, त्यामुळे वेग चांगला वाढला तरी पाठ फारशी वरखाली होत नाही आणि स्वाराची बैठक स्थिर राहते. स्वाराच्या हातातील भरलेला पेला हिंदकळू नये अशी या चालीची ख्याती आहे. रेवाल चालीची शर्यत लागते तेव्हा घोड्याने जास्तीत जास्त वेगाने जावे, पण चाल सोडू नये, अशी दुहेरी अट असते, आणि वेगाच्या ओढीने घोडा चाल मोडून चौखूर धावू लागला तर तो कितीही पुढे असला तरी बाद ठरतो. ही अट फार शहाणपणाची आहे. जिंकण्याची घाई आणि नियमाचे पालन या दोन्ही गोष्टी तिने एकाच शरीरात, चार पायांच्या तालात, समोरासमोर उभ्या केलेल्या आहेत. चाल मोडते तो क्षण लपवता येत नाही: स्वाराची बैठक एकदम उचलली जाते, घोड्याची मान वर येते, टापांचा आवाज बदलतो, आणि धावपट्टीच्या दुतर्फा उभ्या असलेल्या माणसांतून पंचाने हात वर करण्याच्या आधीच गलका उठतो. ज्याच्या घोड्याची चाल मोडली त्याची माणसेही त्या क्षणी गप्प होतात, कारण त्यांनीही तेच पाहिलेले असते.

अशा मैदानावर भांडणे होत नाहीत असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. सुरुवात आधी कोणी केली, रेषेपाशी पहिले कोण पोहोचले, आडवे कोण आले यांवरून गावोगावच्या शर्यतींत वाद होतात आणि प्रसंगी हातघाईवरही येतात. पण त्या वादांचा विषय सर्वांच्या डोळ्यांसमोर घडलेला असतो. वाद पाहण्यातील फरकाचा असतो, आणि चार जुनी, दोन्ही बाजूंना मान्य असलेली माणसे मध्ये पडली की तो बहुधा तेथेच मिटवता येतो.

अबू धाबीच्या शर्यतीत नेमका हा आधार सुटला. त्या दिवशी लुइस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन हे दोघेही चालक ३६९.५ अशा अगदी समसमान गुणांवर होते. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक शर्यतीतील पहिल्या दहा क्रमांकांना उतरत्या क्रमाने गुण मिळतात, पहिल्याला २५, दुसऱ्याला १८ असे. हंगामभराच्या बेरजेवर जगज्जेता ठरतो आणि बेरीज सारखी आली तर ज्याचे विजय अधिक तो वरचढ धरला जातो. हॅमिल्टन जिंकता तर मायकेल शूमाकरच्या सात अजिंक्यपदांच्या पुढे जाऊन त्याने आठवे मिळवले असते. व्हर्स्टापेनसाठी ते पहिलेच ठरणार होते. शर्यत ५८ फेऱ्यांची होती. सुरुवातीलाच आघाडी घेतलेला हॅमिल्टन त्रेपन्नाव्या फेरीपर्यंत दहा सेकंदांहून अधिक अंतराने पुढे होता आणि निकाल जवळजवळ स्पष्ट झाला होता. त्या फेरीत निकोलस लतिफी या मागच्या क्रमांकावरील चालकाची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार मार्गावर आली.

सेफ्टी कार म्हणजे अपघातानंतर मार्ग साफ होईपर्यंत सर्व गाड्यांच्या पुढे संथपणे धावणारी अधिकृत गाडी. तिच्यामागे सर्वांनी रांगेत राहायचे असते, कोणी कोणाला ओलांडायचे नसते, आणि त्यामुळे आघाडीवरच्याने कष्टाने मिळवलेले अंतर एका क्षणात नाहीसे होते. या अवधीत व्हर्स्टापेनने थांबा घेऊन मऊ रबराचे नवे टायर चढवले. मऊ टायर लवकर झिजतात पण रस्त्याला घट्ट धरतात, म्हणून थोड्या फेऱ्यांसाठी त्यांचा वेग अधिक असतो. हॅमिल्टनने चौदाव्या फेरीत घेतलेले कठीण रबराचे टायर तोवर चाळीसच्या आसपास फेऱ्या धावलेले होते. तो थांबता तर मार्गावरची पहिली जागा गेली असती, आणि न थांबता तर शर्यत पुन्हा सुरू झाल्यावर तो उघडा पडणार होता. दोघांच्या मध्ये पाच गाड्या होत्या, ज्यांना आघाडीच्या चालकाने एक फेरी मागे टाकलेले होते. अशा मागे पडलेल्या गाड्यांना सेफ्टी कार ओलांडून पुढे जाऊ दिले जाते, म्हणजे पुढच्या खऱ्या लढतीत त्या आड येत नाहीत. पण या क्रियेला वेळ लागतो आणि ती झाल्यावर सेफ्टी कार त्याच्या पुढच्या फेरीअखेर मार्गाबाहेर जाते, असा नियम होता. शर्यतीचे संचालक, म्हणजे शर्यतीच्या संचालनाचे प्रमुख अधिकारी मायकेल मासी यांनी आधी कोणतीही गाडी पुढे जाणार नाही असे कळवले, मग त्या पाचच गाड्यांना पुढे सोडले, रांगेत त्यांच्यामागे असलेल्या इतर मागे पडलेल्या गाड्यांना तेथेच ठेवले, आणि सेफ्टी कार त्याच फेरीअखेर आत बोलावली. एक फेरी उरली. नव्या टायरांवरच्या व्हर्स्टापेनने पाचव्या वळणावर हॅमिल्टनला गाठले, ओलांडले आणि तो जगज्जेता झाला.

पुढचे काही तास आणि पुढचे काही महिने जगभरच्या चाहत्यांत जे उमटले ते केवळ हर्षविषादाच्या खात्यात टाकता येत नाही. त्या हंगामात संघप्रमुख आणि संचालक यांच्यातील रेडिओवरचे बोलणे प्रक्षेपणात ऐकवले जात असे. त्यामुळे लंडनमधील प्रेक्षकाने जे ऐकले तेच, भारतीय वेळेनुसार रविवारी संध्याकाळी साडेसहापासून मोबाइलच्या पडद्यावर शर्यत पाहणाऱ्या नंदुरबारच्या किंवा शहाद्याच्या एखाद्या तरुणालाही त्याच क्षणी ऐकू येऊ शकत होते: एका संघाकडून मधल्या गाड्या हटवण्याविषयी विचारणा, दुसऱ्या संघाकडून निर्णय फिरवण्याविषयी कळवळून केलेली मागणी, आणि या दोन्हींच्या मध्ये सापडलेला एक अधिकारी. १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झालेल्या या आदिवासीबहुल जिल्ह्यात मोटारशर्यतींचा मार्ग नाही, आणि संपूर्ण महाराष्ट्रातही फॉर्म्युला वनच्या तोडीचा मार्ग नाही. देशात ही स्पर्धा झाली ती उत्तर प्रदेशातील ग्रेटर नॉइडा येथे, २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे. तरीही पडद्याने येथील प्रेक्षकाला मार्गाच्या कडेला उभे केले आणि रेडिओने तर त्याला निर्णयाच्या खोलीच्या दारापर्यंत नेले. संतापाचे मूळ त्या दारापाशी आहे. आत काय ठरले ते त्याला दिसले नाही, पण ठरवणाऱ्याच्या कानाशी कोण काय बोलत होते ते मात्र त्याने ऐकले.

विजयी बाजूच्या चाहत्यांचे म्हणणेही तितकेच मनापासूनचे होते, आणि ते केवळ जिंकल्याच्या भरात आलेले नव्हते. प्रत्येक चाहता न्यायाची एक वही ठेवतो आणि ती वही तो हंगामाच्या कोणत्या पानापासून उघडतो यावर त्याचा निष्कर्ष अवलंबून असतो. व्हर्स्टापेनच्या चाहत्यांच्या वहीत जूनमधील बाकूचे पान होते, जेथे आघाडीवर असताना त्याचा टायर फुटला. जुलैमधील सिल्व्हरस्टोनचे होते, जेथे पहिल्याच फेरीत हॅमिल्टनच्या गाडीशी टक्कर होऊन तो भिंतीवर गेला आणि हॅमिल्टन दहा सेकंदांची शिक्षा भोगूनही जिंकला. त्यानंतरच्या हंगेरीचे होते, जेथे हॅमिल्टनच्याच संघातील दुसऱ्या चालकाने सुरू केलेल्या धडकांत त्याच्या गाडीचे नुकसान झाले. अबू धाबीच्या पहिल्या फेरीत वळण तोडून हॅमिल्टनने आघाडी राखली आणि त्याची चौकशीसुद्धा झाली नाही, हेही त्यांनी लिहून ठेवले होते. हॅमिल्टनच्या चाहत्यांची वही नोव्हेंबरमधील साओ पावलोपासून उघडत होती, जेथे त्यांच्या चालकाला पात्रता फेरीतून बाद करण्यात आले आणि मुख्य शर्यतीत व्हर्स्टापेनने त्याला मार्गाबाहेर लोटूनही शिक्षा झाली नाही. दोन्ही वह्यांतील नोंदी खऱ्या आहेत. शेवटच्या फेरीने वर्षभराची बाकी चुकती झाली असे एका बाजूला वाटले आणि वर्षभराची कमाई लुटली गेली असे दुसऱ्या बाजूला वाटले, आणि या दोन्ही भावना प्रामाणिक होत्या. मात्र एक गोष्ट दोन्ही बाजूंना, निदान त्यांतील विचारी माणसांना, मान्य करावी लागली: पाचच गाड्या का, या प्रश्नाला नियमाच्या आधारे सरळ उत्तर मिळत नव्हते.

दिसलेला पराभव आणि न दिसलेला निर्णय यांतील हा भेद किती दूरवर पोहोचतो हे २००८ सालच्या हंगामावरून कळते. त्या वर्षी २ नोव्हेंबरला ब्राझीलमधील इंटरलागोस येथे फेलिपे मासा आपल्या गावच्या लोकांसमोर शर्यत जिंकला, अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक काळ तो जगज्जेता झाल्याचे त्याच्या घरच्यांनी मानले आणि त्यांनी एकमेकांना मिठ्याही मारल्या. तेवढ्यात शेवटच्या वळणांवर हॅमिल्टनने टिमो ग्लॉकला ओलांडून पाचवे स्थान मिळवले आणि अजिंक्यपद ९८ विरुद्ध ९७ अशा एका गुणाने त्याच्याकडे गेले. ग्लॉकने मुद्दाम वाट दिली असा आरोप त्या क्षणी झाला. पण पाऊस पुन्हा सुरू झालेला असताना ग्लॉकची गाडी कोरड्या रस्त्यासाठीच्या टायरांवर होती आणि ती अक्षरशः घसरत चालली होती, हे सर्वांना पाहता आले, तपासता आले, आणि तो आरोप टिकला नाही. छातीवर हात मारून प्रेक्षकांना अभिवादन करणाऱ्या मासाचे ते चित्र खेळातील खिलाडूपणाचा नमुना म्हणून आजही सांगितले जाते. त्याच हंगामातील सप्टेंबरमधली सिंगापूरची शर्यत मात्र मिटली नाही. तेथे एका संघाने आपल्या एका चालकाला ठरवून भिंतीवर आदळायला लावले होते, म्हणजे सेफ्टी कार यावी आणि त्याच संघाच्या दुसऱ्या चालकाचा लाभ व्हावा. हे २००९ साली उघड झाले, आणि आघाडीवर असलेल्या मासाचे त्या गोंधळात झालेले नुकसान त्याच्या मनात असे राहिले की २०२४ साली त्याने लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला. एका गुणाने गेलेले अजिंक्यपद १५ वर्षांहून अधिक काळानंतर न्यायालयात पोहोचले ते साऱ्या जगाने पाहिलेल्या शेवटच्या वळणामुळे नव्हे, तर त्या रात्री कोणालाच न दिसलेल्या कारस्थानामुळे.

प्रेक्षकाचा हक्क हा शब्द अशा विवेचनात जपून वापरला पाहिजे, कारण शर्यतीच्या आयोजकांना तो सहसा तिकिटाच्या पैशांपुरता समजतो. त्याचीही परीक्षा २०२१ च्याच हंगामात झाली होती. २९ ऑगस्टला बेल्जियममधील स्पा येथे दिवसभर पाऊस पडत होता, हजारो माणसे चिखलात आणि ओल्या बाकांवर तासन्‌तास उभी होती, आणि अखेरीस सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या काढून, एकदाही खरी लढत न होता, शर्यत झाल्याचे जाहीर करून अर्धे गुण वाटण्यात आले. प्रेक्षकांना पैसे परत मिळायला हवेत असे स्वतः हॅमिल्टनने उघडपणे म्हटले. ३६९.५ या आकड्यातील दोघांच्याही वाट्याचा अर्धा गुण त्या पावसातून आलेला होता. न झालेल्या शर्यतीचा निकाल लावल्याबद्दल ज्या यंत्रणेवर टीका झाली, त्याच यंत्रणेने साडेतीन महिन्यांनी शर्यत सेफ्टी कारमागे संपू नये म्हणून नियम वाकवला, आणि शर्यती शक्यतो मोकळ्या मार्गावर संपाव्यात ही संघांचीही पूर्वीपासूनची इच्छा होती, हे लक्षात घेतले म्हणजे अबू धाबीचा निर्णय दुष्टपणाचा नसून प्रेक्षकाला काहीतरी द्यायच्या घाईचा होता असे म्हणण्यास जागा आहे. लोकांना शेवटची फेरी हवी होती, ती त्यांना मिळाली, आणि तिची किंमत म्हणून चाल मोडली.

बैलगाडा शर्यतींचा प्रश्न येथे वेगळ्या बाजूने येऊन मिळतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोन्हींवर बंदी आणली. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती होऊ शकल्या नाहीत. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. बंदीच्या काळात गावागावांतून उमटलेले दुःख खरे होते. पुणे जिल्ह्यातील घाटांवर, म्हणजे शर्यतीसाठी राखलेल्या चढाच्या धावपट्ट्यांवर, एकेका गाड्याची बारी घड्याळावर मोजली जाते आणि सेकंदाच्या अंशावर इनाम ठरते. ज्या घरात असा बैल वाढला त्या घराची सगळी हौस आणि पत त्या काही सेकंदांत एकवटलेली असते. खानदेशातही पोळ्याला सजवलेला बैल तोरणाखालून धावताना पाहण्याचा आनंद ज्याने घेतला आहे त्याला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

परंतु न्यायालयाने २०१४ साली जे नोंदवले तेही पाहणाऱ्याच्या साक्षीशीच संबंधित होते. शेपटी पिरगाळणे, पराणी टोचणे, विजेचा झटका देणारे छोटे यंत्र मुठीत लपवणे या गोष्टी गर्दीतल्या माणसाला दिसत नाहीत. त्याला दिसतो तो फक्त बैलाचा वेग, आणि त्या वेगामागे पोसलेली ताकद आहे की दिलेली वेदना आहे हे त्याला दुरून ओळखता येत नाही. बैलाला तक्रार करता येत नाही आणि त्याच्या वतीने साक्ष द्यायला प्रेक्षकाखेरीज तेथे दुसरे कोणी नसते. नव्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाकडून तपासणी आणि चाबूक, पराणी व विद्युत उपकरणांना मनाई या अटी आहेत. त्या कागदावर राहिल्या तर शर्यतींचे पुन्हा सुरू होणे पोकळ ठरेल. म्हणून बैलगाडा शर्यतीवर खरे प्रेम असलेल्या माणसाने पहिली नजर बैलाच्या पायांवर टाकण्याआधी गाडीवानाच्या मुठीवर टाकली पाहिजे.

न दिसलेल्या निर्णयाचा राग कोणावर निघतो, हा या विषयाचा सर्वांत दुःखद भाग आहे. अबू धाबीत हॅमिल्टनच्या वडिलांनी काही मिनिटांतच व्हर्स्टापेन आणि त्याच्या वडिलांपाशी जाऊन हात पुढे केला, आणि हॅमिल्टननेही विजेत्याचे अभिनंदन केले. ज्यांचे सर्वाधिक नुकसान झाले त्यांनी असे वागून दाखवले. पण लतिफीला, ज्याचा दोष एवढाच होता की शर्यत करताना त्याच्या हातून गाडी सुटली, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, इतक्या की २१ डिसेंबरला त्याने जाहीर निवेदन केले आणि पुढे लंडनमध्ये वावरताना अंगरक्षक घेतल्याचेही सांगितले. ज्याच्यावर राग काढायचा तो बंद खोलीत असतो, आणि मग गर्दी जो समोर सापडेल त्याला धरते. हे वागणे कोणत्याही चाहत्याच्या दुःखाने समर्थनीय ठरत नाही. मासी यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. मार्चमधील अधिकृत अहवालाने त्यांची चूक मानवी होती, हेतू शुद्ध होता आणि निकाल कायम राहील असे सांगितले. मागे पडलेल्या गाड्यांविषयीचा नियम स्पष्ट करण्यात आला, आणि संघांना संचालकांशी थेट बोलण्यावर बंधने घालून ते बोलणे प्रक्षेपणातून काढण्यात आले. यांपैकी पहिली सुधारणा योग्यच होती. दुसरीतील संघांवरची बंधने आवश्यक होती, पण आवाजच बंद करून टाकणे हा उपाय प्रेक्षकाला दारापासून दूर नेणारा आहे, आणि निर्णय कसा होतो हे अधिक उघड करण्याची संधी त्यात गेली.

या सुधारणांची कसोटी लवकरच लागली. ११ सप्टेंबर २०२२ रोजी इटलीतील मोंझा येथे ५३ फेऱ्यांपैकी सत्तेचाळिसाव्या फेरीत एक गाडी मार्गाच्या कडेला बंद पडली, सेफ्टी कार आली, ती आघाडीच्या चालकाऐवजी तिसऱ्या क्रमांकाच्या चालकापुढे लागल्याने रांग लावण्यात वेळ गेला, आणि या वेळी कोणीही घाई केली नाही. नियमाप्रमाणे शर्यत सेफ्टी कारमागेच संपली. फेरारीचा चार्ल्स लेक्लर्क दुसऱ्या स्थानावर होता आणि त्याला एक मोकळी फेरी मिळावी म्हणून लाल कपड्यांतले हजारो इटालियन चाहते उभे होते. अबू धाबीत जी गोष्ट व्हायला हवी होती असे जगभरच्या चाहत्यांनी नऊ महिने ठासून सांगितले, तीच गोष्ट मोंझात झाली, आणि त्या मैदानाने शिट्ट्या मारून तिचा निषेध केला. चाहत्याला नियमही हवा असतो आणि शेवटची फेरीही. दोन्ही एकाच वेळी मिळणार नसतील तेव्हा तो त्या क्षणी फेरीच मागतो. तरीही मोंझाच्या निकालाविरुद्ध कोणत्याही संघाने तक्रार दाखल केली नाही, आणि संध्याकाळपर्यंत चाहत्यांचे बोलणे सेफ्टी कारला झालेल्या उशिरावर आणि लेक्लर्कच्या टायरांवर आले होते.